दसऱ्याचे चार दिवस आणि एक नीलपंख

गुरुवार, 10 ऑक्टोबर 2024. गंगापूर धरणाचा फुगवटा

पहाटे साडेपाचला नाशिकहून निघालो तेव्हा कालिकेच्या यात्रेतून परतणारी माणसं अजून रस्त्यावर होती. बायकांच्या डोक्यात गजरे, पोरांच्या हातात फुगे. आम्ही तिघं मात्र दुर्बिणी गळ्यात अडकवून उलट्या दिशेने, गंगापूर धरणाकडे.

तिघं म्हणजे काका, सिन्नरचे सर आणि मी. काका आमच्यात सगळ्यांत मोठे आणि त्यांची वही तर आमच्या या गोतावळ्याचा सातबाराच आहे. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी वही. रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखलेले: तारीख, वेळ, जागा, पाणी किती, पक्षी, संख्या, निरीक्षकाचं नाव आणि शेवटी एक अरुंद रकाना, ‘खात्री’. त्यात तीनच शब्द येऊ शकतात. हो, बहुतेक, नाही. आणि नियम असा की एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. चूक कळली तर एक रेघ मारायची आणि वर तारीख घालून नवं लिहायचं, म्हणजे आधी काय वाटलं होतं तेही वाचता येतं. मला या रकान्याइतकं महत्त्वाचं पक्षीनिरीक्षणात दुसरं काही वाटत नाही. दर ऑक्टोबरात आम्ही वेगवेगळ्या गावांतून एकमेकांना ‘आज हे दिसलं, ते दिसलं’ कळवतो, आणि त्या कळवण्याची किंमत शेवटी याच रकान्यावर ठरते.

यंदा पाऊस चांगला झालेला, धरण काठोकाठ. बघायला छान, पण तुतारी, टिलवे अशा चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांसाठी वाईट. त्यांना हवा असतो नुकता उघडा पडलेला चिखल, त्यातले किडे, अळ्या, गोगलगायी. पाणी गवतापर्यंत चढलेलं असलं की हे छोटे पाय बुडतात आणि चोचीला काही लागत नाही. त्यामुळे सावरगावच्या बाजूला उतरलो तेव्हा आशा बेताचीच होती. काठावर बसून राहिलो. सातच्या सुमाराला एका बोळक्यासारख्या खळग्यात, जिथं म्हशी उतरून चिखल झाला होता, तिथं ठिपकेवाल्या तुतारीची जोडी सापडली. सगळ्या काठावर तेवढीच जागा त्यांच्या कामाची आणि ती त्यांनी बरोबर हेरलेली. त्याच खळग्यात एक छोटा कंठेरी चिलखा पळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता. म्हशीच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात चोच घालून त्याने काहीतरी ओढलं, लाल दोऱ्यासारखं. एका खुराच्या ठशात एका पक्ष्याची न्याहारी.

धोबी पक्षी मात्र भरपूर. करडे धोबी सप्टेंबरातच येतात, ते जुने झाले. आज पहिल्यांदा पांढरे धोबी दिसले, अकरा. सरांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. गेल्या वर्षी त्यांच्या नोंदीत पांढऱ्या धोब्याची पहिली तारीख 8 ऑक्टोबर होती, यंदा 10. दोन दिवसांचा फरक म्हणजे काहीच नाही, तरी ते म्हणाले, “लिहा काका, हे लिहा. दोन दिवसांना अर्थ नसेल, वीस वर्षांच्या दोन दोन दिवसांना असेल.”

परतताना नऊ वाजता मिसळ खाल्ली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, एवढंच की काकांनी रस्सा दोनदा मागवला.

शुक्रवार, 11 ऑक्टोबर. अंजनेरी

हा दिवस चढण्यात आणि ढगात गेला. वर पोचेस्तोवर धुकं उतरलं, कड्यावरची गिधाडं दिसली नाहीत, फक्त पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले. ते ताजे होते, म्हणजे लांब चोचीची गिधाडं अजून तिथं नांदताहेत, इतकं समाधान. सोनकीची फुलं सरत आलेली.

खाली झाडीत मात्र हिरवट वटवट्या बोलत होता. हा पक्षी दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त: ‘च्विस्लीऽ’, जणू कुणीतरी ओला अंगठा काचेवरून ओढला. उत्तरेकडच्या थंड जंगलातून इतक्या लांब आलेला हा चिमणीहून लहान जीव इथल्या आंब्यावर, करंजावर हिवाळाभर आपली एक हद्द धरून राहतो आणि ती हद्द दिवसभर असंच बोलून राखतो. एकदा हा आवाज कानात बसला की ऑक्टोबरनंतर नाशिकमध्ये कुठंही, अगदी दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखाली उभं असतानाही तो आपोआप ऐकू यायला लागतो.

संध्याकाळी घरी आले आणि फोनवर एक फोटो आला होता. पाठवणारी आमच्यातली सगळ्यांत धाकटी. नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते, दसऱ्यासाठी येवल्याच्या पुढे मळ्यावर घरी गेली होती. फोटो उजेडाविरुद्ध काढलेला, तारेवर बसलेला एक पक्षी, नीलपंखाच्या बांध्याचा. खाली लिहिलं होतं: “ताई, हा आपला नीलपंख वाटत नाही. उडताना पंखांच्या कडा काळ्या दिसल्या. काश्मिरी असेल का?”

काश्मिरी नीलपंख म्हणजे युरोपीय नीलपंख. युरोपापासून मध्य आशियापर्यंत आणि आपल्याकडे काश्मीरात वीण करतो आणि हिवाळा आफ्रिकेत काढतो. जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यातले काही पश्चिम भारतावरून जातात. म्हणजे मुक्कामी नव्हे, वाटसरू. मी काकांना फोटो पाठवला, काकांनी सरांना. आम्ही तिघांनी अर्ध्या तासात निकाल दिला: छातीवर रेघोट्या आहेत, रंग मळका आहे, यंदाचं देशी नीलपंखाचं पिल्लू. पंखांचा काळेपणा उजेडाविरुद्धचा. मी तिला तसं कळवलं, वर “छान निरीक्षण” असंही लिहिलं. काकांनी वहीत ओळ घेतली आणि खात्रीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

तिचं उत्तर आलं नाही.

शनिवार, 12 ऑक्टोबर. दसरा. नांदूर मध्यमेश्वर

यंदा दसरा आणि जागतिक स्थलांतरित पक्षी दिन एकाच दिवशी आले. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार हा तो दिवस, आणि जगभरचे पक्षीनिरीक्षक याच दिवशी चोवीस तासांत जितके पक्षी दिसतील तितके ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवतात. 2024 साली त्या दिनाचा विषय होता कीटक. घरच्यांना सांगितलं, सोनं संध्याकाळी लुटू.

ओढा गावाच्या पुढे चांदोरी, मग निफाड. झेंडूचे ढीग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. द्राक्षबागांमध्ये ऑक्टोबर छाटणी जोरात होती. काही बागा उघड्या बोडक्या, काहींमध्ये बायका ओळीने काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत होत्या, हात कोपरापर्यंत रंगलेले. ओळींच्या मधल्या मातीत पांढरे धोबी शेपूट हलवत फिरत होते. चहाला थांबलो तिथं एक बागायतदार म्हणाले, “हे धोबी आले की आम्ही स्वेटर काढतो.” मी विचारलं, फवारणीच्या दिवसांतही ते बागेत उतरतात का? ते जरा थांबले. म्हणाले, “उतरतात. पण मग दोन दिवस दिसत नाहीत.” यावर मी आणखी काही विचारलं नाही, वहीत लिहून घेतलं.

नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा इंग्रजांच्या काळातला, गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात त्याच्या जवळ. त्याचे डावा आणि उजवा कालवे शेतीसाठी काढलेले, पक्ष्यांचा विचार त्यात कुठंच नव्हता. पण शंभरेक वर्षं दोन नद्यांनी गाळ आणून टाकला, बेटं झाली, पाणथळ झाली, बोरू आणि पाणगवत माजलं आणि पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हेच. म्हणजे गाळाने भरलेला बंधारा पाटबंधाऱ्याच्या हिशोबात तोट्याचा आणि बदकांच्या हिशोबात फायद्याचा. ही गोष्ट मी चापडगावच्या मनोऱ्यावर उभी राहिले की दर वेळी नव्याने आठवते.

मनोऱ्यावर ती, काल फोटो पाठवणारी, आधीच येऊन थांबली होती. भावाच्या मोटारसायकलवरून इतक्या लांब, पहाटे. काल उत्तर का दिलं नाहीस असं मी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. काकांनी तिला स्कोपवर पुढे केलं, “बघ गं, भुवई बदक शोध आधी.”

आता ऑक्टोबरातली बदकं हा प्रकार ज्यांनी केलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. पुस्तकातलं भुवई बदक म्हणजे डोळ्यावरून मानेपर्यंत ठसठशीत पांढरी भुवई. ती नराची, आणि तीही वीण काळातली. वीण संपली की बदकांची पिसं झडतात, उडण्याची पिसं तर एकदमच झडतात, काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी रंगीबेरंगी नर शिकाऱ्याच्या सहज डोळ्यात भरला असता. म्हणून त्या काळात तो मादीसारखा तपकिरी होतो. आपल्याकडे येऊन पोचतो तेव्हाही बहुतेकांचा तोच मळका वेष असतो. त्यामुळे समोर दोनशे तपकिरी बदकं आणि त्यातली भुवई कोणती, चक्रांग कोणतं, हे ओळखायचं चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून. भुवई बदकाच्या गालावर डोळ्यातून जाणारी गडद रेघ आणि तिच्या खाली आणखी एक, मध्ये फिकट, चोचीच्या मुळाशी पांढुरका ठिपका. चक्रांगाचा चेहरा साधा, पण शेपटीच्या कडेला एक पिवळसर पांढरी चिरी. थापट्या सोपा, ती फावड्यासारखी चोच लपत नाही. हळदी-कुंकू तर नावातच सगळं सांगतं.

तिने अर्ध्या तासात चौसष्ट भुवई बदकं मोजली. गावातले गाईड दादा, जे वर्षभर इथं असतात, त्यांनी स्वतंत्र मोजली आणि एकसष्ट आली. असं जुळलं की मला फार बरं वाटतं. दादा म्हणाले ऑगस्टच्या शेवटीच पहिली तुकडी उतरली होती, सात-आठ. हे आम्हाला नाशिकला बसून कधीच कळलं नसतं. आम्ही येतो सुट्टीच्या दिवशी, बदकं मात्र वार बघून येत नाहीत.

पाणी इथंही चढलेलं. दादांनी हात लांब करून दाखवलं, डिसेंबरात कालव्यांना आवर्तनं सुरू झाली की तिथपर्यंत चिखल उघडा पडतो आणि मग शेकाटे, उचाटे, चमचे हे पक्षी येतात. आत्ता फक्त वारकरी पक्षी, शेकड्यांनी, काळे, कपाळावर पांढरा टिळा, आपल्या आपल्यात भांडणारे. जांभळ्या पाणकोंबड्या जलपर्णीवरून लांब बोटांनी चालत होत्या. ही जलपर्णी वरून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसते, आणि पाणकोंबडीला तिच्यावर चालता येत असलं तरी बदकाला तिच्यात पोहता येत नाही. गेल्या वर्षी जिथं मोकळं पाणी होतं तिथं यंदा हिरवा गालिचा आहे. मी ती जागा नकाशावर खुणावून ठेवली.

नऊ वाजता एक दलदली भोवत्या, शिकारी पक्षी, आला, पाण्यावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून. सगळे वारकरी एकदम गोळा झाले, एकच काळा पुंजका. बदकं उठली, एक फेरी मारून बसली. हे चालायचंच, भोवत्याला पोट आहे.

जे चालायला नको होतं ते दहा वाजता झालं. मोठ्या लेन्सा घेऊन आलेला एक गट काठाकाठाने थेट पाण्यापर्यंत उतरला. बदकं उडाली. ते थांबले, बदकं बसली, ते आणखी पुढे गेले. असं तीनदा. दादांनी ओरडून हटकलं तेव्हा कुठं माघारी आले. उडत्या बदकांचा फोटो सुंदर येतो, मला मान्य आहे. पण ही बदकं हजारो किलोमीटर उडून आलीत, अंगातली चरबी जाळून. इथं त्यांचं काम एकच, खाणं आणि विसावणं. प्रत्येक उगीचचं उड्डाण त्या खाण्यातून वजा होतं. पुन्हा मोजायला गेलो तेव्हा भुवई बदकं तेवीसच सापडली. बाकीची बोरूत शिरली असतील किंवा निघूनही गेली असतील. काकांनी दोन्ही आकडे लिहिले, कारणासकट.

दुपारी खानगाव थडीच्या बाजूने परत येताना मक्याच्या शेताकडेला तारेवर देशी नीलपंख बसला होता. शेतात मका तोडणाऱ्या एका मावशींनी विळा खाली ठेवला, पदर सावरला आणि त्याला हात जोडले. दसऱ्याला चाष, म्हणजे हाच नीलपंख, दिसला की वर्ष चांगलं जातं. आम्हाला म्हणाल्या, “तुम्हाला पण दिसला ना? मग झालं तर.” तेवढ्यात तो उडाला. उडताना नीलपंख म्हणजे काय हे शब्दांत सांगणं अवघड आहे. बसलेला असताना तपकिरी, जांभळट छातीचा, साधासुधा. पंख उघडले की गडद निळा, मग फिकट आकाशी, मग पुन्हा गडद निळा, पट्टे एकामागून एक फिरतात.

ती माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, “ताई, मी परत सांगते. माझा असा नव्हता. त्याला हे पट्टे नव्हते.”

सर म्हणाले, “मग उद्या जाऊ या.”

काका काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर वहीचं कालचं पान उघडून बराच वेळ बघत होते.

घरी पोचायला सात वाजले. आपट्याची पानं दिली-घेतली, पुरण थंड झालं होतं तरी चांगलं लागलं.

रविवार, 13 ऑक्टोबर. येवल्याच्या पुढे, ममदापूरकडचा माळ

विंचूर मागे पडलं की बागा संपत जातात आणि माळ सुरू होतो. या बाजूला पाऊस मुळात कमी, जमीन खडकाळ. ममदापूर-राजापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी ओळखलं जातं. वाटेत अकरा काळविटं दिसली, त्यात एक पूर्ण काळा नर. गवतावरून एक भोवत्या गेला, कमरेवर पांढरा डाग असलेला तपकिरी पक्षी, म्हणजे मादी किंवा पिल्लू. माँटेग्यूचा की पांढुरका, तिघांनाही सांगता आलं नाही. काकांनी लिहिलं: ‘भोवत्या, 1, जात कळली नाही.’

तिच्या घरी वडील अंगणात वाट बघत होते. चहा झाला. ते म्हणाले, “तो पाखरू सकाळी विहिरीच्या तारेवर असतो. चार दिवस झाले बघतोय. आधी कधी नव्हता. आमच्या चाषासारखा ओरडत नाही, गप असतो.” चार दिवस. म्हणजे तिच्या फोटोच्याही आधीपासून. आम्ही शुक्रवारी निकाल देताना या माणसाला एक शब्द विचारला नव्हता.

बाजरी काढून झालेल्या शेतात, विहिरीपासून दीडशे पावलांवर बांधाआड बसलो. तारेवर कुणी नव्हतं. ऊन चढायला लागलं. साडेआठ, नऊ. ती दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची आणि मी दुर्बिणीतून तारेकडे. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आमच्याबरोबर आली तेव्हा तिने रंगीत करकोच्याला बगळा म्हटलं होतं. शुक्रवारी मी फोटो बघताना माझ्या डोक्यात ते होतं. फोटोत काय आहे याआधी तो कुणी पाठवलाय हे मी बघितलं, आणि हे मला आज लिहून ठेवायचं आहे.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तो बाभळीतून आला आणि तारेवर बसला. उजेड आमच्या पाठीशी. डोकं, गळा, पोट सगळं एकसलग फिकट निळसर, मळकं, छातीवर अंधुक रेघोट्या. पाठ दालचिनीच्या रंगाची. देशी नीलपंखाची ती जांभळट पांढऱ्या रेघांची छाती नाही. पण पिल्लाच्या पिसांत काहीही होऊ शकतं, म्हणून आम्ही कुणीच बोललो नाही. तो मान वाकडी करून खाली शेतात बघत होता. एकदम उतरला, कापलेल्या ताटांमध्ये, आणि नाकतोडा धरून वर उडाला.

पंख खालून आकाशी, आणि उडण्याची पिसं काळी. एकही पट्टा नाही. दौतीत बुडवून काढल्यासारखी काळी, स्वच्छ.

“काळे आहेत,” काका म्हणाले. मग पुन्हा, मोठ्याने, “अगं, काळेच आहेत!”

तो पुन्हा तारेवर बसला, नाकतोडा तारेवर दोनदा आपटला, गिळला. पुढच्या चाळीस मिनिटांत आम्ही त्याला सहा वेळा उतरताना बघितलं. पाच वेळा नाकतोडा, एकदा काय ते कळलं नाही. या शेतात फवारणी झालेली नाही, तिचे वडील म्हणाले, बाजरीला कोण फवारतं. आफ्रिकेकडे जाणाऱ्या या पक्ष्याला अरबी समुद्र ओलांडायचा आहे, आणि समुद्रावर नाकतोडे नसतात. त्याआधी जे अंगावर चढवायचं ते इथंच, या दोन एकरांत.

मी तिला म्हणाले, “माझं चुकलं. तू पंख बघितले होतेस, मी फक्त फोटो बघितला.” ती लाजली, म्हणाली, “ताई, फोटो खराबच होता.” आज तिने काढलेल्या फोटोंत पंख पूर्ण उघडे आहेत. आम्ही ते आमच्या सगळ्या मंडळींना पाठवले, तिच्या नावाने, शुक्रवारच्या तारखेसह. मळ्याची नेमकी जागा मात्र कुणालाच कळवली नाही. शनिवारचं अजून डोळ्यांसमोर होतं.

काकांनी बांधावर बसूनच वही मांडीवर घेतली. शुक्रवारच्या ओळीत ‘नाही’वर एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं: 13.10.24, हो. बाजूला, जिथं निरीक्षकाचं नाव असतं तिथं, तिचं आणि तिच्या खाली तिच्या वडिलांचं. वडिलांनी विचारलं, “माझं कशाला?” काका म्हणाले, “तुम्ही आधी बघितलात. किती तारखेपासून, ते सांगा.” ते बोटांवर मोजायला लागले. गुरुवारी बाजरी मळली, त्याच्या आदल्या दिवशी. बुधवार, 9 तारीख.

जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. दुपारी निघताना तार रिकामी होती, तो बाभळीत सावलीला गेला असावा.

मंगळवारी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. कालपर्यंत होता. आज नाही. तारेवर दोन कोतवाल बसलेत. मी काकांना कळवलं, आणि त्यांनी फोनवरच विचारलं, शेवटचा किती वाजता दिसला, ते विचारलंत का? मी पुन्हा फोन लावला. सोमवारी संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी.